तळटीपाही वाचा, ताई

चैत्र लागला की मी साडेचारला उठते. पाचच्या सुमाराला कोकीळ सुरू होतो, साडेपाचला गल्लीत दुधाचे क्रेट आदळतात, सहाला वरच्या मजल्यावर मिक्सर फिरतो. त्याआधीच्या अर्ध्या-पाऊण तासात मला एका पुस्तकाची दहा-बारा पानं मोठ्याने वाचून घ्यायची असतात. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडकीवर दुहेरी गोधडी. माइक तोंडासमोर न ठेवता किंचित बाजूला, कारण प आणि फ आले की त्याच्यावर फुंकर बसते आणि ऐकणाऱ्याच्या कानात धप्प होतं. अडखळले तर थांबायचं, एक टाळी वाजवायची आणि वाक्य पहिल्यापासून घ्यायचं. नंतर संगणकावर आवाजाची रेघ बघताना टाळीच्या जागी उंच सुळका दिसतो, तिथे कापायचं असतं. पान उलटताना बोलायचं नाही. वाक्य पानाच्या टोकाशी तुटत असेल तर पुढचे चार शब्द आधीच डोकावून पाहून ठेवायचे.

सहा वर्षं मी हे करते आहे, पुण्यातल्या एका संस्थेसाठी. तिथून दृष्टिहीन विद्यार्थ्यांना ध्वनिमुद्रित पुस्तकं जातात. त्याआधी ऑडिओबुकांविषयी माझं मत चांगलं नव्हतं. पुस्तक ऐकणं म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास, असं मी ठामपणे म्हणायचे. मैत्रीण सांगायची, अमुक कादंबरी वाचली, आणि मी लगेच विचारायचे, वाचलीस की ऐकलीस? त्या प्रश्नात किती उद्धटपणा होता हे मला कळलं ते एका फोनमुळे.

मी रेकॉर्ड केलेलं पहिलं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. निवड माझीच. लक्ष्मीबाई १९३६ साली गेल्या, पुस्तक कधीच सर्वांसाठी खुलं झालेलं आहे, आणि ते लिहिलंय इतकं बोलल्यासारखं की मोठ्याने वाचायला याहून सोपं काय असणार, असा माझा हिशोब. मी जीव ओतला. संवाद वेगवेगळ्या आवाजांत म्हटले. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई मागे एकट्या राहिल्या, तो भाग वाचताना माझा गळा दाटून आला. मी तो तसाच राहू दिला, पुन्हा घेतला नाही. मनात म्हटलं, हे खरं आहे, ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचेल.

महिन्याभराने संस्थेतून नंबर घेऊन एका मुलाने फोन केला. सांगलीकडचा, इतिहासात एम.ए. करणारा. पुस्तक फार आवडलं म्हणाला, दोनदा ऐकलं म्हणाला. मग जरा थांबून, “ताई, एक बोलू का? लक्ष्मीबाई त्या ठिकाणी रडत नाहीत. तुम्ही रडताय. रडायचं की नाही ते माझं मला ठरवू द्या ना.”

मी गप्प झाले. त्याने आणखी एक सांगितलं. माझ्या हातातल्या आवृत्तीला टिपा होत्या आणि मी त्या गाळल्या होत्या, ओघ तुटतो म्हणून. “तळटीपाही वाचा, ताई. डोळसांना त्या दिसतात. वाचायच्या की सोडायच्या हे ते ठरवतात. आमच्यासाठी तेसुद्धा तुम्हीच ठरवून टाकता.”

फोन ठेवल्यावर मी तो भाग पुस्तकात पुन्हा वाचला, मनात, डोळ्यांनी. त्याचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं. लक्ष्मीबाई आपलं दुःख घरातल्या इतर गोष्टींसारखंच सांगतात, एका रेषेत, मधेच कुणाच्या तरी वेडेपणावर हसत. वाचणाऱ्याच्या पोटात जे तुटतं ते त्या संयमामुळेच. माझ्या आवाजाने त्या संयमावर पाणी ओतलं होतं. त्या आठवड्यात मी ती चाळीस पानं नव्याने रेकॉर्ड केली, टिपांसकट.

त्याच दिवसांत मला आमचं माजघर आठवू लागलं. माझं आजोळ खानदेशातलं, यावल तालुक्यातलं. चातुर्मासात आजोबा रात्री पोथी लावायचे. आषाढी एकादशीला सुरुवात, कार्तिकीला समाप्ती. श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’, चौसष्ट अध्याय. म्हणजे एकाआड एक दिवस एक अध्याय धरला तरी चार महिने पुरतो. लाकडी ठवणी, लाल कापडात बांधलेली सुटी पानं. एक पान वाचून झालं की ते उचलून पालथं डावीकडे ठेवायचं. समोर पंधरा-वीस बायामाणसं, कुणी वाती वळतंय, कुणी शेंगा फोडतंय. आजोबा ओव्या एकाच संथ चालीत म्हणायचे. द्रौपदीची विटंबना असो की भीमाचं जेवण, चाल तीच. आवाज चढत नसे, उतरत नसे. लहानपणी मला ते कंटाळवाणं वाटायचं. पण द्रौपदीच्या प्रसंगाला आजीच्या हातातली वात थांबलेली मी पाहिली आहे. आजोबांनी काहीच केलेलं नसायचं. ते फक्त वाचत होते. थांबली ती आजी होती.

आजीला अक्षरओळख नव्हती. तरी निम्मा पांडवप्रताप तिला पाठ होता आणि आजोबांनी ओवी चुकवली की ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची. आणि कधी कधी, बहुतेक दिवसभर शेतात राबून आल्यावर, मधेच म्हणायची, “थांबा जरा. माझं ध्यान नव्हतं. मागचं पान पुन्हा म्हना.” आजोबा निमूटपणे पालथं पान उचलून पुन्हा वाचायचे. पंधरा-वीस माणसं थांबायची. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. ज्याचं ध्यान सुटलं त्याने ते कबूल करावं आणि परत मागावं, एवढा साधा रिवाज.

ध्यान, अवधान. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय याच शब्दाने उघडतो: “तरी अवधान एकलें दीजे । मग सर्व सुखासि पात्र होईजे ।” एकट्या अवधानाची मागणी. मला आता ही ओवी फार वेगळी ऐकू येते. समोर वाचक नाहीत, श्रोते आहेत. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, नेवासं; ज्ञानेश्वर बोलताहेत आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेताहेत, ज्यांचा उल्लेख शेवटी ‘लेखकु जाहला’ असा येतो. आपल्या भाषेतला सगळ्यात मोठा ग्रंथ आधी ऐकला गेला, मग लिहिला गेला. पुढे शेकडो वर्षं तो ज्यांच्यापर्यंत पोहोचला त्यांतल्या बहुतेकांनी तो कानांनीच घेतला असणार. त्यांनी ज्ञानेश्वरी ‘वाचली नाही’ असं म्हणायला माझी जीभ आता रेटत नाही. शिकल्या-सवरलेल्या माणसाला आपण बहुश्रुत म्हणतो, पुष्कळ ऐकलेला. शब्दातच उत्तर होतं, माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

आज हौशी वाचक ज्याला ऑडिओबुक म्हणतो त्याची सुरुवातही ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी झाली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेले ब्रिटिश सैनिक होते. वीस-पंचविसाव्या वर्षी अंधत्व आलेल्या या मुलांच्या बोटांना ब्रेल बसेना. सोमच्या लढाईत स्वतः अंध झालेले इयन फ्रेझर नावाचे कॅप्टन या प्रश्नामागे वर्षानुवर्षं लागले. पुस्तक रेकॉर्डवर घालायचं तर नेहमीच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-पाच मिनिटं मावत. मग तबकडी मिनिटाला चोवीस फेऱ्यांनी, खूप हळू फिरवायची युक्ती निघाली आणि एका बाजूवर पंचवीस मिनिटं बसू लागली. तरी एका कादंबरीला दहाएक तबकड्या. १९३५ मध्ये पहिल्या पेट्या घराघरांत गेल्या. त्यांत जोसेफ कॉनराडची एक समुद्रकथा होती आणि अ‍ॅगाथा ख्रिस्तीची एक खूनकथा. मला त्या निवडीचं फार कौतुक वाटतं. खंदकातून परतलेल्या पोरांना त्यांनी उपदेशाची पुस्तकं दिली नाहीत, रात्र जागवणारी दिली.

मी स्वतः श्रोती झाले ती बसमध्ये. कोथरूड ते हडपसर, जाऊन-येऊन अडीच तास. स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं अ‍ॅप २०१७ च्या अखेरीस भारतात आलं तेव्हा इंग्रजी आणि हिंदीच्या बरोबरीने मराठी पहिल्यापासून होती, आणि गेल्या काही वर्षांत इतकी मराठी पुस्तकं आवाजात आली आहेत की निवडताना गोंधळायला होतं. पहिल्यांदा साडेअकरा तासांची कादंबरी घेतली. स्वारगेट येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की वीस मिनिटांतलं मला काही आठवत नाही. कान उघडे होते, मन दुसरीकडे होतं. डोळ्यांनी वाचताना मन भरकटलं तर डोळेही थांबतात, निदान तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसतात. आवाज थांबत नाही. तो पुढे जातो, माणसं मरतात, घरं विकली जातात आणि आपण सिग्नलवरचे फुगे बघत असतो. मी आजीसारखं मागचं पान पुन्हा मागितलं. वीस मिनिटं मागे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ऐकणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा प्रामाणिकपणे मागे जाऊन मोजावं.

तीन-चार आठवड्यांनी कान तयार झाले. तेव्हा कळलं की छापील मराठीत किती गोष्टी दिसतच नाहीत. आपली लिपी दोन च आणि दोन ज एकाच अक्षरात कोंबते. ‘जरा थांब’मधला जरा आणि ‘जरा-मरण’मधला जरा, कागदावर जुळे, तोंडात आले की वेगळे. चांगला वाचणारा हे नकळत सोडवत जातो. आणि बोली! छापील पानावर बोलीतला संवाद आला की माझ्यासारख्या शहरात मुरलेल्या वाचकाचे डोळे घसरतात, अर्थ घेऊन पुढे पळतात. कान तसा पळू देत नाही.

हे मला सगळ्यात जास्त जाणवलं एका खानदेशी कथेच्या वेळी. संस्थेने कथासंग्रह दिला होता, त्यात एका कथेतलं सगळं बोलणं आमच्या भागातलं. ‘डोया’, ‘केयं’, ‘माले’, ‘तुले’. आमच्याकडे ळ चा य होतो: डोळा तो डोया, केळं ते केयं. मी पहिला संवाद वाचला आणि परत ऐकला. शब्द बरोबर होते, पण चाळीस वर्षं पुण्यात राहिलेली बाई ते म्हणत होती. प्रत्येक शब्दाला इस्त्री. टाळी वाजवली, पुन्हा वाचलं. पुन्हा टाळी. अकरा टाळ्या झाल्या, मी मोजल्या. मग माइक बंद केला, डोळे मिटले आणि आजी पाटीभर केळी घेऊन आली की कशी बोलायची ते आठवत बसले. शब्द आठवत नव्हते, चाल आठवत होती. वाक्याच्या शेवटी आवाज कसा किंचित लांबतो, ते. तेवढी चाल धरली आणि कथा एका दमात वाचून झाली. उजाडलं होतं, कोकीळही मधे येऊन गेला होता. तो मी काढला नाही. त्या कथेत तो शोभत होता.

बहिणाबाईंचं मला त्या दिवशी नव्याने आश्चर्य वाटलं. आसोद्यात १८८० साली जन्मलेली, लिहिता-वाचता न येणारी शेतकरी बाई, जात्यावर आणि शेतात ओव्या जुळवते आणि तिचा मुलगा सोपानदेव आणि एक नातलग त्यातल्या काही उतरवून ठेवतात. १९५१ मध्ये ती गेली, १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. कुणी लिहून घेतलं म्हणून उरलं. जे उतरवलं गेलं नाही ते जात्याबरोबर गेलं. आज ज्यांच्या घरी अशी म्हातारी आहे, त्यांच्या खिशातही फोन आहे. त्यांना मी हात जोडून सांगते, एखाद्या दुपारी तो तिच्याजवळ चालू करून ठेवा.

पण आवाजात आलेलं सगळंच मला पटतं असं नाही. मराठी ऑडिओबुकांत मागे संगीत घालायची जी चाल पडली आहे ती मला सोसवत नाही. बाई एकटी ओट्याशी उभी आहे एवढंच लेखकाने लिहिलेलं असतं आणि मागून करुण सनई वाजायला लागते. मग माझ्यासाठी काय उरतं? सांगलीच्या मुलाचं वाक्य मला तिथे दर वेळी आठवतं. नाट्यरूपांतर करायचं तर खुशाल करावं, आकाशवाणीच्या श्रुतिकांवर माझं बालपण गेलंय, ती कला वेगळी आणि मोठी आहे. पुस्तक वाचतोय म्हणायचं आणि ऐकणाऱ्याच्या वाटणीचं काम सनईला द्यायचं, याला मात्र माझा विरोध आहे.

साहित्यावरच्या पॉडकास्टांमध्ये मला जे सर्वांत मनापासून आवडतं तेही असंच साधं आहे. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाचं कथांचं पॉडकास्ट २००७ पासून चालू आहे. दर महिन्याला एक लेखक येतो, साप्ताहिकाच्या जुन्या अंकांतली दुसऱ्या एखाद्या लेखकाची कथा निवडतो, ती वाचतो, आणि मग कथाविभागाच्या संपादक डेबोरा ट्राइसमन यांच्याशी तिच्याविषयी बोलतो. संगीत, हुंकार काही नाही. एक लिहिणारा माणूस दुसऱ्याचं वाक्य तोंडात घेऊन बघतोय, एवढंच. ते ऐकताना मला दर वेळी हेवा वाटतो. १९०९ मध्ये काशीनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनचे आपले दिवाळी अंक कितीतरी ग्रंथालयांच्या माळ्यांवर दोरीने बांधून पडले आहेत. त्यांत कधीच पुस्तकात न आलेल्या कथा आहेत. आजच्या एखाद्या कथाकाराने त्यातली एक उचलावी, वाचावी, आणि ती का उचलली ते अर्धा तास सांगावं. मी त्याची पहिली श्रोती असेन, आणि गठ्ठ्यांवरची धूळ झटकायलाही येईन.

हातातच हवीत अशी पुस्तकं अर्थात आहेत. ज्या वाक्यापाशी पेन्सिल घेऊन थांबावं लागतं, जिथे तीन पानं मागे जाऊन एक व्याख्या पुन्हा तपासावी लागते, ती मला कानांनी झेपत नाहीत. समीक्षा तर नाहीच. पण मला निवड आहे. सांगलीच्या मुलाला ती नाही. त्याला इतिहासाचा जाडजूड संदर्भग्रंथही कानांनीच घ्यावा लागतो. म्हणून तो दुप्पट वेगाने ऐकतो. मी एकदा त्याच्या फोनवर माझाच आवाज त्या वेगाने ऐकला, मला एक शब्द कळला नाही. बातम्या आणि नोट्स तो यंत्राच्या आवाजात ऐकतो, तिथे त्याला माणूस नको असतो. आणि म्हणूनच त्याला पानांचे क्रमांक हवे असतात. डेझी नावाची एक पद्धत आहे, तिच्यात ध्वनिमुद्रणाला प्रकरणं आणि पानं जोडता येतात. मग ऐकणारा थेट हव्या पानावर उडी मारू शकतो, परीक्षेत संदर्भ देऊ शकतो. मी आता प्रत्येक पानाच्या सुरुवातीला क्रमांक उच्चारते. तक्ते वाचते. नकाशा आला तर नदी कुठून कुठे जाते ते शब्दांत सांगते. तळटीप आली की आधी ‘तळटीप’, संपली की ‘तळटीप समाप्त’.

संस्थेच्या कपाटात एक जाड फाइल आहे, प्रकाशकांच्या परवानगीच्या पत्रांची. एकेका पुस्तकासाठी विनंत्या, स्मरणपत्रं. काहींची उत्तरं सुंदर आहेत, काहींची आलेलीच नाहीत. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि दृष्टिहीनांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक करायला वेगळी परवानगी लागेनाशी झाली. पाठोपाठ २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेशला याच कामासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत पहिला देश ठरला. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. फाइल तिथेच आहे, संस्थेतल्या बाईंनी ती टाकू दिली नाही.

गेल्या महिन्यात सांगलीच्या त्या मुलाचा निरोप आला. आता तो पीएच.डी. करतोय. मी नुकतंच पूर्ण केलेलं चारशे पानांचं पुस्तक तो ऐकत होता. “ताई, तुम्ही २१३ म्हणालात आणि मग एकदम २१६. मधलं एक पान चिकटलं असेल.”

मी पुस्तक काढून पाहिलं. बांधणीचा डिंक पानाच्या कडेपर्यंत उतरला होता आणि दोन पानं एक होऊन बसली होती. मी स्वतःच्या तोंडाने २१३ म्हणून पुढे २१६ म्हटलं होतं, नंतर कापाकापी करताना ते पुन्हा ऐकलं होतं, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. वाक्यही योगायोगाने सांधलं गेलं होतं. त्याने ते दुप्पट वेगात पकडलं.

दुसऱ्या दिवशी साडेचारला उठले. सुरीच्या बोथट बाजूने पान हळूच सोडवलं. कडेला थोडा कागद गेला, अक्षरं शाबूत राहिली. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, गोधडी ओढली. २१४ वर एक लांबलचक तळटीप होती, बारीक टायपात, पुढच्या पानावर उतरलेली. चष्मा पुसला आणि वाचायला लागले.